शिंप्याच्या गाडीला क्रूझ कंट्रोल

आमचे हे गाडी चालवत नाहीत, शिवतात. थट्टा करत नाही मी. पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला. गाडी पुढे झेपावते, बिचकते, पुन्हा झेपावते, आणि आतल्या माणसाची मान कोंबडीसारखी पुढेमागे. तैपिंगच्या बाजारामागे आमचं शिवणाचं दुकान आहे, तिथे पायमशीनवर ह्यांची उभी हयात गेली. मुलांनी मोठ्या हौसेने विजेचं मशीन आणून दिलं, त्याच्यावर आता मांजर झोपतं. "विजेच्या टाक्याला पायाची चव नाही," असं ह्यांचं म्हणणं. कपड्याला असेल बाई चव. रस्त्याला कशाला हवी?

गाडी आमच्याकडे उशिरा आली. छोटीशी, ऑटोमॅटिक, गिअरची भानगड नाही. हे चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले, आणि शिकले ते कशासाठी, तर मला हारी रायाला, म्हणजे ईदला, माझ्या माहेरी, मुआरला, स्वतःच्या गाडीतून न्यायचं म्हणून. पहिल्याच खेपेला मी इतक्या ठिकाणी गाडी थांबवायला लावली की मुआरला पोचेस्तोवर घरच्यांचं जेवण उरकलं होतं. हे बिचारे दर वेळी उतरून माझी पाठ चोळायचे. "सोम, काय होतंय गं? काय खाल्लंस तू?" आता त्या काळजीने उतरलेल्या तोंडाकडे बघून 'तुमचे पाय बाधले' असं कसं म्हणणार? मी म्हटलं, "पोटात वारा धरलाय."

झालं. तेव्हापासून माझ्या पोटात कायमचा वारा. ह्यांनी गाडीच्या खणात माझ्यासाठी वाऱ्याच्या तेलाची हिरवी बाटली ठेवली, खारवलेली आंबट फळं ठेवली, आणि प्लास्टिकच्या पिशव्या एकावर एक अशा दुमडून ठेवल्या की जणू गिऱ्हाईकाला द्यायच्या कॉलरी. इतक्या मायेने केलेलं बघितलं की खरं बोलायला जीभच रेटत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी बस धरली. "आबांग, गाडीत तुमची खोकी, कपड्यांचे गठ्ठे. मी आपली बसने येते, मला बसमध्ये झोप छान लागते." तेव्हापासून दर रायाला हे गाडीने, मी बसने. बसच्या ड्रायव्हरला मुळी पायच नसावेत इतकी ती सरळ जाते. मुआरला उतरले की माझी धाकटी बहीण मला ओढून स्वयंपाकघराच्या मागे न्यायची. "खरं सांग, दुसरी केलीय का त्यांनी?" मी म्हणायचे, "एकीला फिरवून दमलाय माणूस, दुसरी कुठून करणार?"

पण मुलाच्या लग्नाला वरमाय बसने जात नसते. थोरल्या खुझैरीचं वऱ्हाड इपोहला गेलं, तेव्हा पहिली गाडी आमची, पुढच्या सीटवर मी. इपोह म्हणजे काही लांब नाही, पण शहरात शिरलं की सिग्नल, आणि सिग्नल म्हणजे ह्यांच्या टाक्यांना उधाण. दारात उतरले. कोंपांगचे डफ घुमत होते, विहीणबाई हात पुढे करून हसत उभ्या, आणि मी त्यांना ओलांडून गेले ती थेट बोगनवेलीच्या कुंडीवर वाकले. फोटोवाल्याने फोटोही काढला. त्याला वाटलं, मी फुलं बघतेय. त्या दिवसापासून तिकडच्या माणसांत मी कुंडीवाली विहीण. खुझैरीची बायको गुणाची आहे, कधी बोलत नाही, पण तिच्या घरी अजून मला कोणी कुंडीजवळची खुर्ची देत नाही.

आता धाकट्या शाझवानचं लग्न ठरलं. मुलगी हुस्निना, राहणार जित्रा. म्हणजे आलोर स्तारच्याही पुढे, हायवेचे दोन तास. तारीख ठरल्यावर तिच्या आईचा, काक मुनाहचा, फोन आला; काक म्हणजे ताई. गोड बाई. जेवणाचं बोलल्या, मांडवाचं बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "आणि हो, काक सोम, दारातल्या कुंड्या आम्ही हलवून ठेवल्यात हं. गाड्या लावायला जागा हवी ना."

गाड्या म्हणे. मी फोन ठेवला आणि मनाशी ठरवलं: जित्राच्या दारात मी सुक्या तोंडाने, दोन पायांवर, ह्यांच्या शेजारून उतरणार. लग्न कसंही होवो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच ओळीतल्या आह हेंगच्या गॅरेजमध्ये गेले. आह हेंग एका गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना विचारलं, "नवऱ्याचा पाय थांबवायचं काही यंत्र असतं का रे?"

गाडीखालून आवाज आला, "काक, नवऱ्याचे पार्ट आम्ही ठेवत नाही."

मी सगळं सांगितलं. वारा, पिशव्या, बस, कुंडी. तो सरकत बाहेर आला, हात पुसले, मग पुसलेलेच पुन्हा पुसले. हसू दाबत होता मेला. मग म्हणाला, "क्रूझ कंट्रोल बसवू. तुमच्या गाडीला कंपनीचं नाही, पण बाहेरचं मिळतं. वेग ठरवायचा, बटण दाबायचं, पाय काढून घ्यायचा. गाडी एका वेगाने जात राहते. पाय बोलतच नाही."

"आणि थांबायचं असेल तर?"

"ब्रेकला पाय लागला की ते गप्प होतं. नुसता टेकला तरी गप्प. ती वायर सुरक्षेची, तिच्याशी मी खेळत नाही, आधीच सांगतो."

आता प्रश्न ह्यांना सांगायचं कसं. ह्यांना आपल्या गाडी चालवण्याचा केवढा अभिमान! वाहतूक पोलिसाने आजवर अडवलं नाही, हे येणाऱ्या गिऱ्हाईकाला माप घेताघेता ऐकवतात. मी रात्रीच्या जेवणात ह्यांना तळलेला बांगडा दोनदा वाढला आणि म्हटलं, "आबांग, तुमच्या गाडीला एक यंत्र बसवून घेऊ. तुमच्या टाचेसाठी."

"माझ्या टाचेला काय झालंय?"

"दुखते म्हणता ना?"

"ती मशीनने दुखते."

"मग मशीनसाठी जपायला नको? गाडीत कशाला झिजवायची?"

हे विचारात पडले. टाचेची कीर्ती पार क्वाला कांगसारपर्यंत आहे, तेव्हा ती जपायला ह्यांची हरकत नव्हती.

आह हेंगने यंत्र मागवलं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, तिला वायरींचा जुडगा, आणि स्टिअरिंगच्या मागे लावायची एक बारकी दांडी. तो पाय बाहेर टाकून गाडीत आडवा झाला, पॅडलच्या वरचा वायरीचा जोड सोडवला आणि मध्ये डबी बसवली. "हे बघा पाक लाझिम, आधी तुमचा पाय गाडीला सांगायचा, किती पळ. आता ही डबी सांगेल." हे कमरेवर हात ठेवून वर उभे. वायरी चिकटपट्टीने गुंडाळलेल्या ह्यांना बघवेनात. "हा कच्चा टाका झाला, आह हेंग." दुकानात जाऊन काळ्या कापडाची नळी शिवून आणली, वायरी तिच्यात घातल्या आणि दोन्ही तोंडांना नेफा घालून नाडी ओढली. आह हेंग म्हणाला, इतकी नीटनेटकी वायर त्याने सिंगापूरच्या गाडीतही पाहिली नाही.

मग चाचणी. आधी आह हेंगने चालवली, हे शेजारी, मी मागे. कामुंतिंगवरून हायवेला लागलो, त्याने दांडी दाबली, पाय काढला आणि मांडीवर हात मारून दाखवला. गाडी चालली! अशी चालली की मी पिशवीतला बर्फाचा चहा नळीने पीत पीत सगळा संपवला, एक थेंब सांडला नाही. मला रडू यायला लागलं. ह्यांनी आरशातून पाहिलं. "वारा?" मी म्हटलं, "नाही, ऊन."

पुढच्या फाट्यावर अदलाबदल झाली. हे चालवायला. वेग घेतला, दांडी दाबली. टिंग. बंद पडलं. पुन्हा दाबली. टिंग. परत. टिंग. मी डोळे मिटले आणि रिकामी पिशवी जवळ धरली.

"यंत्र बिघडलंय," हे म्हणाले.

आह हेंग ओशाळला. परत नेऊन त्याने वेगाची वायर बदलली. पुन्हा हायवे. त्याच्या हातात चालतं, ह्यांच्या हातात टिंग. मग डबीच बदलली, नवी आणली. त्याच्या हातात चालतं, ह्यांच्या हातात टिंग. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! लग्न जवळ येत चाललं होतं, घरात मुलीकडे न्यायच्या भेटींची ताटं सजवायचं काम चाललं होतं, आणि माझ्या कानात नुसतं टिंग टिंग.

तिसऱ्या खेपेला आह हेंग म्हणाला, "तुम्ही एकटे चालवा पाक लाझिम, मी मोटरसायकलवर मागून येतो. मागून आवाज ऐकायचाय." दोघे परत आले. हे चहाला गेले. आह हेंग हेल्मेट न काढताच माझ्याकडे आला.

"काक, डावा पाय."

"कोणाचा?"

"त्यांचा. ब्रेकवर असतो. मागचे लाल दिवे लागतात, विझतात, लागतात, विझतात. उजवा खाली की डावा वर, उजवा वर की डावा खाली. मी किती वर्षं ह्या गाडीचे ब्रेक बदलतोय, दर वेळी मनात यायचं, तैपिंगमध्ये एवढे उतार आहेत तरी कुठे!"

आणि मला लख्ख दिसलं. पायमशीन एका पायाने चालतच नाही. त्याच्या रुंद पट्टीवर दोन्ही पाय, एक पुढे एक मागे, आणि आळीपाळीने झोका. उजव्याचं मला ठाऊक होतं. डावा मी कधी बघितलाच नव्हता, कारण त्या गाडीत बसले की माझे डोळे मिटलेले. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसतं. पण शिंप्याचा पाय तो, रिकामा बसेल कसा?

"तूच सांग त्यांना," मी म्हटलं.

"मी नाही सांगणार."

"अरे, तू मेकॅनिक आहेस!"

"माझा सूट त्यांच्याकडे शिवायला टाकलाय काक. बाह्या अजून लागल्या नाहीत."

म्हणजे माझ्यावरच आलं. संध्याकाळी दुकानात गेले. हे मशीनवर होते, शाझवानच्याच लग्नाचा अंगरखा, मोतिया रंगाचा. मी खाली बसून गुंड्या निवडायला घेतल्या, तेवढाच हातांना आधार.

"आबांग, यंत्र चांगलं आहे."

"मग टिंग का करतं?"

"तुमचा डावा पाय ब्रेकवर असतो म्हणून."

"असेल. कामाचा पाय आहे. रिकामा कशाला ठेवू?"

"आणि उजवा दाबता सोडता."

"मग गाडी चालणार कशी?"

"एकसारखी चालते, आबांग. बाकीच्यांची एकसारखी चालते."

मशीन थांबलं. "बाकीच्यांची म्हणजे कोणाची?"

"खुझैरीची. आह हेंगची. बसची." आता सुटलंच होतं तोंडातून, तर सगळंच सुटलं. मी मान खाली घालून गुंड्यांना सांगत गेले.

हे ऐकत होते. मग एकेक विचारायला लागले, माप घेताना विचारतात तसं. "म्हणजे वारा नाही?"

"नाही."

"कधीच नव्हता?"

"एकदा फणस खाल्ला होता तेव्हा होता. बाकी नाही."

"इपोहची कुंडी?"

"पाय."

"मुआरची बस?"

मी नुसती मान हलवली. ह्यांनी सुईतला दोरा काढला, रिळाला गुंडाळला, आणि मशीनकडे बघतच म्हणाले, "मला वाटायचं, माहेरच्या माणसांसमोर तुला शिंप्याबरोबर उतरायची लाज वाटते."

अगं बाई गं. एवढी वर्षं मी ह्यांचा मान जपायला म्हणून बसमध्ये बसत होते, आणि हा माणूस एकटा, खोकी घेऊन, हे मनात धरून मुआरपर्यंत गाडी चालवत येत होता. आणि तरी दर रायाला खणातल्या पिशव्या नव्याने घड्या घालून ठेवत होता! मला असा राग आला की तो ह्यांचा की माझा तेच कळेना.

"तुम्हाला असं वाटलं, आणि विचारलं नाहीत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मी गुंड्यांचा डबा उचलून घरी आले.

नंतर हे माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मीठ दे, इस्त्री कुठाय. रोज सकाळी गाडी घेऊन आह हेंगबरोबर जायचे आणि तोंड पाडून यायचे. आह हेंग मला येऊन सांगे, "उजवा ऐकतो. डावा ऐकत नाही. एकदा सीटखाली ठेवला होता, चालत परत आला." जित्याची खोड ती.

वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हे समोर येऊन बसले. "सोम, तू खुझैरीच्या गाडीत बस. मी सांगेन सगळ्यांना, माझी गाडी ताटांनी भरलीय."

"आणि तुम्ही एकटे पुढे?"

"मला सवय आहे."

ते 'सवय आहे' मला सुईसारखं टोचलं. म्हटलं, "ते काही चालायचं नाही. मी तुमच्या शेजारीच बसणार, आणि जित्राच्या सगळ्या माणसांदेखत शिंप्याबरोबर उतरणार. ओकले तर ओकले. कुंडी नसेल तर पर्स आहे."

हे उठून दुकानात गेले आणि विनाकारण मशीनला तेल घातलं.

सकाळी सगळ्या गाड्या दारात ओळीने लागल्या. सात ताटं सजवून तयार: विड्याची पानं, अत्तर, चपला, केक, काय काय. केकचं ताट नेहमीसारखं दुसऱ्या गाडीत. आमच्या गाडीत केक द्यायचा नाही हे घरात सगळ्यांना न सांगता ठाऊक आहे. खुझैरी नवरदेवाला घेऊन मागच्या गाडीत. हे आले. जांभळा अंगरखा, कमरेला जरीचं सोंगकेत, डोक्यावर काळी टोपी, इतके देखणे दिसत होते की मी मेली घटकाभर सगळं विसरले. गाडीचं दार उघडून बसले. मग वाकून डाव्या पायातला बूट काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा धर."

आणि डावा पाय उचलून, दुमडून, सीटवर स्वतःच्या मांडीखाली घेतला. हातशिलाईला चटईवर बसतात ना, तशी अर्धी मांडी. वर सोंगकेत सारखं केलं.

"आबांग, दोन तास असं बसणार?"

"काजं करताना दिवसभर बसतो."

गावातून बाहेर पडेस्तोवर मी डोळे मिटूनच होते. पण झेपावणं, बिचकणं नेहमीपेक्षा कमी. डाव्याची साथ सुटली की उजव्यालाही जोर येत नसावा. मग हायवे लागला. गाडीने वेग धरला. दांडी दाबल्याचा आवाज आला. मी टिंगची वाट बघत राहिले. काही नाही. अजून काही नाही.

"डोळे उघड," हे म्हणाले.

उघडले. गाडी जात होती. नुसती जात होती. ह्यांचा उजवा पाय मोकळा, खाली ठेवलेला, डावा अंगाखाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पुढे लॉरी आली की उजव्या पायाने ब्रेक, मग पुन्हा दांडी. मी मांडीवरचा बूट घट्ट धरून काचेतून बघत होते. तळं गेलं, भातखाचरं आली. केदाहमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला एक मोठा निळा डोंगर आला.

"हा डोंगर कधीपासून आहे इथे?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," हे म्हणाले.

मग मी खणातलं एक आंबट फळ खाल्लं, मुद्दाम, चवीसाठी. दुसरं ह्यांच्या तोंडात घातलं. मागच्या गाडीतून शाझवानचा फोन आला. "माक, बाबांची तब्येत बरी आहे ना? गाडी सरळ चाललीय."

जित्रा आलं. गाड्या गल्लीत वळल्या, मांडव दिसला, कोंपांगवाल्यांनी डफ उचलले. काक मुनाह आणि त्यांचे यजमान दाराशी उभे, मागे सगळं गाव. दारातल्या फरशीवर कुंड्या हलवलेल्या जागी गोल गोल पांढुरके डाग. गाडी थांबली. मी ह्यांचा बूट ह्यांना दिला, ओढणी सारखी केली आणि उतरले. सुकं तोंड, ताठ मान, दोन पाय. डफ घुमत होते. काक मुनाहच्या तोंडावर असं आश्चर्य की मला तिथेच जेवल्यासारखं वाटलं. मी हात पुढे केला.

तेवढ्यात त्यांचे डोळे माझ्या मागे गेले. मी वळले. हे उतरले होते, बूट घातलेला, टोपी नीट, तोंडावर हसू, आणि पहिलं पाऊल टाकायला गेले तर डावा पाय तिथे नव्हताच. दोन तास अंगाखाली दबून मेलेला पाय तो. चटईवर बसून काजं करतात तेव्हा हे घटकाघटकाला पाय बदलतात, ही गोष्ट ना ह्यांना आठवली ना मला. हे दाराला धरत धरत खाली खाली गेले आणि जरीच्या सोंगकेतासकट, अख्ख्या जित्रादेखत, फरशीवर बसले. नेमके एका गोल डागावर.

डफ थांबले. "या अल्ला!" करत काक मुनाह धावल्या. माणसं जमली. कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची. मी खाली बसून ह्यांचा पाय मांडीवर घेतला. "काय झालं? काय होतंय?" सगळे मलाच विचारायला लागले. ब्रेक सांगू, शिवणकाम सांगू, का टिंग सांगू?

हे शांतपणे म्हणाले, "काही नाही. वारा आहे."

"वारा?" काक मुनाह म्हणाल्या.

"प्रवास सोसत नाही मला. लहानपणापासूनचं आहे."

काक मुनाह माझ्याकडे बघायला लागल्या, मग ह्यांच्याकडे. "पण आम्ही तर ऐकलं होतं, इपोहला काक सोमच..."

"चुकीचं ऐकलंत," हे म्हणाले. "ती कुंडी माझी होती."

फोटो अख्ख्या पेराक राज्याने पाहिलाय, त्यात मी आहे. पण जरीचं सोंगकेत नेसून फरशीवर बसलेल्या व्याह्याला खोटं कोण पाडणार? काक मुनाहनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे केली.

ह्यांनी अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि माझी हिरवी बाटली काढून माझ्या हातात दिली. माझ्यासाठीच आणली होती, लागली तर म्हणून. मी डोळे पुसले, बाटली उघडली, आणि सगळ्यांसमोर ह्यांच्या डाव्या तळपायाला तेल चोळायला लागले. थोड्या वेळाने बोटं हलायला लागली. एक वर, एक खाली.

"गप्प बस म्हणावं त्याला," मी म्हटलं.

कोंपांगवाल्यांनी पुन्हा डफ उचलले.